तालुक्यात पर्यावरण कायद्याचं शिबिर घ्यायचंय? नव्या वकिलांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

जून जवळ आला की बारच्या म्हणजे वकील संघाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज पडतो, पर्यावरण दिनाला काहीतरी घ्या, आणि ते काहीतरी फिरत फिरत सगळ्यात ज्युनिअर असेल त्याच्या गळ्यात पडतं. मग काय, कोर्टाच्या आवारात दोन रोपं, दीपप्रज्वलन, कलम ४८-क आणि ५१-क(छ) वर भाषण, समोसा, चहा, फोटो, संपलं. यात वाईट काही नाही पण ऐकायला आलेला माणूस घरी जाताना हातात काय घेऊन जातो हा प्रश्न विचारला तर उत्तर समोसाच येतं. मी गेली काही वर्षं वकील संघ आणि तालुका विधी सेवा समितीकडून (मोफत कायदेशीर मदत देणारी समिती) अशी शिबिरं घेतेय, आमचा भाग पंचगंगेचा, त्यामुळे विषयाला तोटा नाही. माझा हिशोब साधा आहे, शिबिर संपल्यावर हॉलमधून एकतरी नीट लिहिलेला तक्रारअर्ज बाहेर पडला पाहिजे. खालचं सगळं त्या हिशोबाने लिहिलंय.

आणि हे वकिलांचं काम आहे का असं सिनिअर विचारतातच, तर हो, आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चं कलम ४ उघडा, त्यात कायदेविषयक साक्षरता आहे आणि पर्यावरण संरक्षणासाठीची सामाजिक न्यायाची याचिका पण आहे, नाव घेऊन. शिवाय शाळा-कॉलेजात पर्यावरण विषय सक्तीचा झाला तो सुद्धा एम. सी. मेहता या वकिलाच्या याचिकेमुळेच, सुप्रीम कोर्टाने १९९१ साली आदेश दिला, त्यात थेटरात शोच्या आधी पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा असं पण होतं. २००३ मध्ये कोर्टालाच सरकारांना परत आठवण करून द्यावी लागली, पण तो वेगळा विषय.

१. विषय एकच घ्या, आणि तो गावातला घ्या

"पर्यावरण कायदे: एक दृष्टिक्षेप" असला विषय घेऊ नका. दीड तासात जल कायदा १९७४, हवा कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, जैवविविधता २००२, वनहक्क २००६ एवढं सगळं सांगायला गेलात की तिसऱ्या कायद्यालाच मागची रांग मोबाईल काढते.

त्याऐवजी शिबिराच्या आठ-दहा दिवस आधी त्या गावात जाऊन या. सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, दूध डेअरीवर बसलेली माणसं, यांच्याशी बोला. आमच्याकडे विचारलं की लगेच कळतं, ओढ्याला मळीचं पाणी येतंय, नदीत केंदाळ वाढलंय, मासे मेले, बोअरचं पाणी पिवळं येतंय, कापड प्रोसेसवाल्यांचं रंगीत पाणी नाल्यात सोडतात. तुमच्याकडे वाळू असेल, खडी क्रशर असेल, डीजे असेल, कचरा डेपोचा धूर असेल. जे असेल ते एक धरा आणि शिबिराला नाव पण तेच द्या. "आपल्या ओढ्याचं पाणी आणि कायदा" असं लिहिलं की माणसं येतात.

२. बॅनर कुणाचा

सगळ्यात सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे तालुका विधी सेवा समिती आणि वकील संघ यांच्या संयुक्त विद्यमाने. समितीचे अध्यक्ष तालुका कोर्टातले सिनिअर न्यायाधीशच असतात. समितीचं नाव असलं की ग्रामपंचायत हॉल मिळतो, पोलीस पाटील येतो, प्रदूषण मंडळाला पत्र गेलं तर अधिकारी निदान फोन तरी उचलतात. लॉ कॉलेज जवळ असेल तर त्यांचं लीगल एड क्लिनिक जोडून घ्या, पोरांना तेवढंच काम आणि तुम्हाला लिहायला हात मिळतात. एनएसएसचं निवासी शिबिर ज्या गावात असतं तिथे एक दुपार मागून घेतली तरी चालतं, प्रेक्षक आयते.

इथे एक मोठा सापळा आहे. गावात कार्यक्रम म्हटलं की कुणीतरी म्हणतं, जेवणाचं बघू नका मॅडम, कारखान्याकडून होईल. नाही म्हणा, हसत म्हणा पण नाहीच म्हणा. ज्याच्या पाइपविरुद्ध अर्ज लिहायचाय त्याचीच पुरी-भाजी खाऊन अर्ज कोण लिहिणार. चहा-बिस्किटावर भागवा, तेवढा खर्च बार करतो.

३. कागदपत्रं

- बारचा ठराव किंवा निदान अध्यक्षांचं पत्र
- तालुका विधी सेवा समितीच्या अध्यक्षांना विनंती अर्ज, सोबत एक पानी कार्यक्रमपत्रिका आणि वक्त्यांची नावं
- ग्रामपंचायत किंवा शाळेचं जागेसाठीचं संमतीपत्र
- स्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी (ध्वनिप्रदूषणावर बोलायला जायचं आणि विनापरवाना भोंगा लावायचा, हे शोभत नाही)
- प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना आणि गटविकास अधिकाऱ्यांना निमंत्रणाचं पत्र, पोच घेतलेलं
- हजेरीपट, कोरे कागद, कार्बन पेपर, स्टॅम्प पॅड (अंगठ्यासाठी), दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प

कार्बन पेपर लिहिलाय ते चुकून नाही. गावात झेरॉक्स दुपारी बंद असतं आणि अर्जाची दुसरी प्रत नसली की पोच कशावर घेणार.

बॅनर कापडी करा. पर्यावरणाच्या शिबिराला फ्लेक्स आणि समोर प्लास्टिकच्या छोट्या बाटल्या, हा फोटो एकदा व्हायरल झाला की पुढची पाच वर्षं ऐकावं लागतं. शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक बंदीची अधिसूचना आहे, पहिला दंडच ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००. स्टीलचे तांबे-पेले ग्रामपंचायतीत असतात, मागा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बुके पण नकोत.

४. तारीख आणि वेळ

५ जूनचा हट्ट सोडा. कोर्टाची उन्हाळी सुट्टी नुकतीच संपत असते, वकील गावाला, आणि शेतकरी पेरणीच्या गडबडीत. त्या दिवशी कोर्टात रोपं लावा हवं तर, गावातलं शिबिर दुसऱ्या कुठल्यातरी तारखेला ठेवा. २२ मार्चचा जल दिन चांगला, ९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन पण चांगला कारण समितीला तसेही कार्यक्रम घ्यायचेच असतात आणि आमच्याकडे त्याच सुमारास गळीत हंगाम सुरू होतो म्हणजे ओढ्याचा विषय ताजा असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जोडून घेतलं तर अजून एक फायदा, तिथेच ठराव करून घेता येतो.

वेळ गावाला विचारून ठरवा. बायका हव्या असतील तर दुपारी दोन ते चार, धारेच्या वेळेआधी मोकळं करा. आणि बायका हव्यातच, पाणी कधीपासून कसं बदललं हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं तलाठ्याला पण नसतं.

५. भाषणाचा मजकूर: जुनी पीपीटी आधी डिलीट करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सिनिअरकडून मिळालेली पीपीटी तशीच वाचून दाखवली जाते आणि त्यात कायदा दहा वर्षांपूर्वीचा असतो. मी हमखास बघते त्या गोष्टी:

पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम १५. अजून सगळे "पाच वर्षं कैद आणि एक लाख दंड" सांगतात. जनविश्वास कायदा २०२३ ने ते बदललं, १ एप्रिल २०२४ पासून तिथे कैद नाही, १०,००० ते १५ लाख रुपये दंड आहे आणि तो कोर्ट नाही तर निर्णय अधिकारी ठरवतो. हे बरोबर झालं की चूक यावर वाद घाला, मला स्वतःला पटलेलं नाही, पण लोकांना "मालक आत जाणार" असं सांगून घरी पाठवू नका.

फौजदारी कलमं. आयपीसी २७७ (पाणी घाण करणं) आता भारतीय न्याय संहितेत २७९ झालं, २७८ (हवा दूषित करणं) चं २८० झालं, आणि आपलं लाडकं सीआरपीसी १३३ (सार्वजनिक उपद्रव हटवायचा आदेश) आता बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२ आहे. या शेवटच्या कलमाचा नंबर बदलला, ताकद तीच. रतलाम नगरपालिकेचा १९८० चा निकाल याच कलमावरचा, पैसे नाहीत म्हणून गटार बांधत नाही असं नगरपालिकेला म्हणता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. गावात हा निकाल गोष्टीसारखा सांगा, लगेच समजतो.

शांतता क्षेत्र. शाळा, दवाखाना, कोर्टापासून शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र असं आजही छापून येतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने जाहीर केल्याशिवाय ते होत नाही. पण रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद हा नियम आहे तिथेच आहे, आणि रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा पण. सणांसाठी सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस.

१९८० च्या वन संवर्धन कायद्याचं नावही बदललंय आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती आलीय, तो विषय असेल तर मूळ प्रत काढून वाचा, व्हॉट्सअॅपवरचं पत्रक नको.

६. दोन तासांची आखणी

प्रास्ताविक, स्वागत, सत्कार मिळून दहा मिनिटं. हे जमत नाही हे मला माहितीय, तरी दहा मिनिटंच लिहा म्हणजे पंचवीसवर थांबेल. साहेबांचं किंवा मॅडमचं म्हणजे न्यायाधीशांचं मार्गदर्शन पंधरा मिनिटं. मग मुख्य विषय, एका वकिलाने अर्धा तास, फळ्यावर किंवा कागदावर ओढ्याचा नकाशा काढून. त्यानंतर प्रश्नोत्तरं आणि शेवटचा पाऊण तास फक्त अर्ज लिहायला. आभार प्रदर्शन अर्ज लिहायच्या आधी उरकून टाका नाहीतर राष्ट्रगीत झालं की माणसं उठली.

न्यायाधीश मंचावर असताना कोर्टात चालू असलेल्या केसचा विषय काढायचा नाही, आणि कुणी प्रेक्षकांतून काढला तर सूत्रसंचालकाने लगेच थांबवायचं. त्यांना तिथे बोलता येत नाही आणि उगाच सगळ्यांची पंचाईत होते. साहेब पुढच्या कामाला गेल्यावर अर्जाचं टेबल सुरू केलं तर उत्तम.

७. अर्जाचं टेबल

इथेच सगळं शिबिर आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

तीन-चार टेबलं लावा, प्रत्येकावर एक ज्युनिअर आणि एक कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी. लोक रांगेत येतील आणि पहिलं वाक्य हमखास हे असेल, "मॅडम, सगळी नदी घाण केलीय हो." यातून अर्ज होत नाही. विचारत जा: कुठला पूल, कुठल्या बाजूला, कधी बघितलं, किती वाजता, रंग कसला, वास कसला, फेस होता का, मासे वर आले होते का, जनावरांनी पाणी प्यायचं सोडलं का, फोटो आहे का आणि त्यावर तारीख आहे का. पाच मिनिटांत त्याच माणसाकडून असं काहीतरी निघतं:

"प्रति, उपप्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. विषय: मौजे अमुक येथील ओढ्यात सांडपाणी सोडल्याबाबत. अमुक तारखेला पहाटे पाचच्या सुमारास स्मशानभूमीजवळच्या पुलाखाली ओढ्याचं पाणी तांबूस काळं झालेलं मी स्वतः पाहिलं. पाण्यावर फेस होता, उग्र वास होता. सोबत तीन फोटो जोडले आहेत. तरी जागेवर येऊन पाण्याचा नमुना घ्यावा, पाहणी अहवालाची प्रत द्यावी, वरच्या बाजूच्या उद्योगांच्या संमतीपत्रातील अटींचं पालन तपासावं आणि केलेली कारवाई लेखी कळवावी."

बस, एवढंच. (संमतीपत्र म्हणजे उद्योग चालवायला मंडळाने दिलेली परवानगी.) शिव्या नाहीत, "निसर्गाचा ऱ्हास" नाही. मागण्या नंबर टाकून लिहा. ज्याने पाइप डोळ्यांनी पाहिला नाही त्याने कारखान्याचं नाव लिहायचं नाही, "वरच्या बाजूचे उद्योग" एवढं पुरतं, तपासणं मंडळाचं काम आहे. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला.

आता बाटलीचं. कुणीतरी पाण्याच्या बाटलीत ते काळं पाणी भरून आणतंच आणि थेट साहेबांच्या टेबलावर हारांच्या शेजारी ठेवतं, झाकण उघडून वास पण घ्यायला लावतं. त्याचा मान ठेवा पण स्पष्ट सांगा की कारखान्याविरुद्ध कोर्टात हा नमुना चालत नाही. जल कायद्याच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते ठरलेलं आहे, मंडळाच्या माणसाने घ्यायचा, कारखानदाराला नोटीस द्यायची, दोन भाग करायचे, सील करायचे, सह्या घ्यायच्या, मग लॅबला. त्यामुळे पाणी काळं दिसलं की बाटली भरायच्या आधी मंडळाला फोन आणि लगेच ईमेल, फोटो-व्हिडिओसकट. दुपारपर्यंत पाणी निवळतं आणि मग अधिकारी येऊन "काही आढळून आले नाही" लिहून जातात. हे आमच्याकडच्या प्रत्येक गावाने भोगलंय.

दुसरा अर्ज माहिती अधिकाराचा. संमतीपत्राची प्रत, गेल्या वर्षीच्या तपासणीचे अहवाल, दिलेल्या नोटिसा, हे मागा. दहा रुपयांचा स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा नियम आहे तो. उत्तराला ३० दिवस. "का कारवाई केली नाही" असं विचारू नका, कागद मागा.

बाकी विषयांचे पत्ते थोडक्यात. भोंगा असेल तर पोलीस, ११२ ला फोन करून वेळ लिहून ठेवा. शहरातलं झाड असेल तर १९७५ चा झाडांचा कायदा आणि नगरपरिषदेचं वृक्ष प्राधिकरण, गावातलं असेल तर १९६४ चा वृक्षतोड कायदा. वाळू-मुरूम असेल तर तहसीलदार, जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७), बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. गटार, उकिरडा, धूर यांनी जगणं नकोसं झालं असेल तर प्रांतांकडे बीएनएसएस १५२. नवीन मोठा प्रकल्प येतोय आणि जनसुनावणी लागलीय असं कळलं तर मात्र बाकी सगळं सोडून त्याच विषयावर शिबिर घ्या. २००६ च्या ईआयए म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे ३० दिवस आधी नोटीस यायला हवी आणि प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळायला हवा. लोकांना सांगा की लेखी हरकत द्या, नुसतं घोषणा देऊन इतिवृत्तात काही येत नाही.

८. "मॅडम, डायरेक्ट ग्रीन ट्रिब्युनलला टाकूया की"

हा प्रश्न येणारच. पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आहे, स्वतः हजर राहून अर्ज करता येतो, नुकसानभरपाई मागायची नसेल तर फी १,००० रुपये, हे सांगा. पण तीन गोष्टी बजावून सांगा.

एक म्हणजे मुदत. न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खाली कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, फार तर ६० दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे नाही. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं. परवानगीविरुद्ध अपील असेल तर ३० दिवस आणि वाढीव ६०. गावात "बघू दिवाळीनंतर" म्हणता म्हणता सहा महिने जातात.

दुसरं, तिथे सगळे कायदे चालत नाहीत. न्यायाधिकरण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सात कायदे आहेत, त्यात वन्यजीव कायदा नाही, १९२७ चा वन कायदा नाही, आपला झाडांचा कायदा पण नाही.

तिसरं, खाली तक्रार केलेली नसली की पहिला प्रश्न तोच येतो. म्हणून आधी वरच्या सातव्या मुद्द्यातल्या अर्जाची पोच.

आणि हे सांगायला विसरू नका की महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मुलं, दिव्यांग, कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, आणि त्यात न्यायाधिकरण पण येतं. हेल्पलाइन १५१००. हा नंबर फळ्यावर मोठा लिहा.

९. आपला स्वतःचा नंबर मात्र लिहू नका

बार कौन्सिलचा नियम ३६ आठवतोय ना, वकिलाने काम मागायचं नाही, जाहिरात करायची नाही. शिबिरात कार्ड वाटणं, बॅनरवर मोबाईल नंबर, "केस असेल तर ऑफिसला या" असं माइकवर बोलणं, हे सगळं त्यात येऊ शकतं आणि तालुक्यात तक्रार करायला आपलेच बंधू टपलेले असतात. नाव आणि पुढे ॲडव्होकेट, एवढं पुरे. पुढचं काम लागेल ते समितीकडे पाठवा, पॅनलवरून ज्याला यायचं त्याला येईल. तुमच्याकडे आलं नाही तर वाईट वाटतं, वाटू दे.

१०. शिबिरानंतर

अर्ज लोकांच्या हातात देऊन "टाका पोस्टात" म्हणालात तर निम्मे अर्ज देव्हाऱ्यात राहतात. समितीच्या विधी स्वयंसेवकाला सांगून दुसऱ्याच दिवशी एकगठ्ठा आवक-जावकला द्या, प्रत्येकाच्या कार्बन प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का पुसट आला तर परत मारून घ्या, लाजू नका. एका वहीत अर्जदाराचं नाव, विषय, पोचची तारीख, आणि न्यायाधिकरणाच्या सहा महिन्यांची शेवटची तारीख लाल पेनने. महिनाभरात उत्तर नाही आलं तर केलेल्या कारवाईचे कागद मागणारा माहिती अधिकार अर्ज.

समितीला अहवाल द्यायचा असतो, एक पान, हजेरीपट आणि दोन-तीन फोटो. फोटो निवडताना मात्र बघा, अर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसांचे चेहरे दिसणारे फोटो बारच्या ग्रुपवर किंवा पेपरला देऊ नका. त्यातल्या कुणाचा मुलगा त्याच कारखान्यात रोजंदारीवर असतो, कुणाचा ऊस तिथेच जायचा असतो, आणि तोड लांबवायला एक फोटो पुरतो. मंचाचा, बॅनरचा, पाठमोऱ्या प्रेक्षकांचा फोटो द्या. अहवालात पण अर्जदारांची नावं नकोत, "इतके अर्ज दाखल" एवढंच, नावांची वही समितीच्या कपाटात.